किंमत आणि मोल

इंग्लंडात दूरचित्रवाणी पाहणे ही फुकटची गोष्ट नव्हे. चालू प्रक्षेपण पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तेथे परवाना काढावा लागतो. १९४६ साली ही पद्धत सुरू झाली, तेव्हा परवान्याची वार्षिक फी अवघी २ पौंड होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती १७४.५० पौंड झाली. महिन्याच्या हिशेबाने हे सुमारे साडेचौदा पौंड होतात. जर्मनीत २०१३ पासून घरटी वर्गणीची पद्धत आहे. घरात संच असो वा नसो, वर्गणी द्यावीच लागते. अतिगरिबांना अर्ज केल्यावर सूट मिळते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ही वर्गणी दरमहा १८.३६ युरो ठरली. जपानात एन. एच. के. ही सार्वजनिक प्रसारण संस्था २०२३ च्या ऑक्टोबरपासून साध्या प्रक्षेपणासाठी दरमहा १,१०० येन घेऊ लागली.

साडेचौदा, अठरा आणि अकराशे! हे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर जपानी कुटुंब पुरते नागवले जात आहे असे कोणासही वाटेल. परंतु येन हे लहान नाणे आहे. मग सर्व रकमांचे रुपये करावेत, असे कोणी सुचवील. तसे केले तर साडेचौदा पौंडांचे दीड हजारांहून अधिक रुपये होतात आणि आपल्याकडील माणूस तोंडात बोट घालतो. तथापि इंग्लंडातील मनुष्य रुपयांत कमावत नाही. तो पौंडांत कमावतो. यास्तव खरा प्रश्न असा की, ही रक्कम मिळविण्यासाठी साध्या मजुरास किती वेळ राबावे लागते?

२०२५ साली इंग्लंडात प्रौढ कामगाराची कायदेशीर किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड, तर जर्मनीत १२.८२ युरो होती. जपानात प्रांताप्रांतांचे दर निरनिराळे असून त्यांची सरासरी २०२४ च्या ऑक्टोबरपासून १,०५५ येन ठरली होती. आता भागाकार करून पाहावा. जपानी मजुराचे एक तास व दोन-तीन मिनिटांचे काम, इंग्रजाचे एक तास अकरा मिनिटांचे आणि जर्मनाचे एक तास सव्वीस मिनिटांचे काम त्या त्या देशातील महिन्याच्या फीसाठी खर्ची पडते. अकराशेचा दिसायला भला मोठा आकडा तिघांत हलका ठरला!

भारतातही पूर्वी रेडिओ व दूरचित्रवाणी यांचे परवाने काढावे लागत. १९८० नंतरच्या दशकात ते रद्द झाले. फ्रान्सने अशीच १३८ युरोंची वार्षिक फी २०२२ साली काढून टाकली. फी गेली म्हणून खर्च मात्र गेला नाही. तो आता इतर करांतून भागविला जातो. बिलात न दिसणारा खर्च कोष्टकातही दिसत नाही, एवढेच. डी. डी. फ्री डिश ही सरकारी सेवा २००४ साली सुरू झाली. एकदा छत्री व डबा विकत घेतला की तिला मासिक भाडे पडत नाही. केबलची गोष्ट निराळी. प्राथमिक शुल्कावर २०१९ साली १३० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली. ती २०२४ मध्ये उठविण्यात आली. त्या मर्यादेइतके शुल्क आणि त्यावर १८ टक्के कर धरला, तर १५३ रुपये ४० पैसे होतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे अर्ध्या दिवसाहून किंचित अधिक काम! इंग्लंडातील फीच्या मानाने ही रक्कम कितीतरी लहान. श्रम मात्र तिपटीहून अधिक. शिवाय पैसे देऊन घ्यावयाच्या वाहिन्यांचे मोल यात धरलेलेच नाही.

इंटरनेटच्या बाबतीतही हीच कसोटी लागू पडते. विकसनशील देशांत साध्या इंटरनेटचा मासिक खर्च हा दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ साली ठरविले. परंतु सरासरी ही फसवी असते. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही इंटरनेटचे बिल न झेपणारी कुटुंबे इतकी निघाली की, सरकारला त्यांच्या बिलात दरमहा ३० डॉलरपर्यंत सूट द्यावी लागली. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबांनी या योजनेत नावे नोंदविली. पुढे निधी आटला आणि २०२४ च्या जूनमध्ये योजना बंद पडली. त्याच वर्षी तेथील कंपन्यांवर मासिक दर, वेग आणि वरचे आकार एका चौकटीत छापण्याचे बंधन आले. खाद्यपदार्थांच्या डब्यावर घटक छापतात, तशीच ही चौकट. जाहिरातीतील दर आणि हाती पडणारे बिल यांत अंतर नसते, तर अशा चौकटीची गरजच पडली नसती.

एक गोष्ट मात्र कोणत्याच चौकटीत मावत नाही. तारेने घरात आलेले इंटरनेट घरातच राहते व सर्वांना पुरते. आपल्याकडे पुष्कळ घरांत इंटरनेट असते ते एकाच मोबाइलमध्ये. कोष्टकात अशा घराचा खर्च फार थोडा दिसतो. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा वडील सकाळी कामावर निघाले की त्यांच्या खिशातून मुलांची शाळाही बाहेर पडत असे, आणि ते परत येईपर्यंत मुले वाट पाहत बसत.