प्रसूतीच्या वेळची सोबतीण : 'डूला' म्हणजे कोण?

'डूला' हा शब्द अलीकडे शहरांतील प्रसूतिगृहांत ऐकू येतो. डूला ही डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे, आणि आपल्या जुन्या सुइणीप्रमाणे बाळंतपण करणारीही नव्हे. कळा सुरू झाल्यापासून बाळ आईच्या छातीशी येईपर्यंत तिच्याजवळून न हलणारी अनुभवी स्त्री, एवढीच तिची ओळख. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. देवदूताचा निरोप ऐकून पवित्र मरियेने स्वतःला प्रभूची दासी म्हटले, तेथे संत लूकच्या शुभवर्तमानात हाच शब्द आहे. त्यानंतर ती गरोदर एलिझाबेथकडे जाऊन सुमारे तीन महिने राहिली, हे आपण जाणतोच.

नुसत्या सोबतीने काय साधते, असे कोणी विचारील. ग्वाटेमालातील एका रुग्णालयात पहिलटकरणींवर झालेला एक अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. एकट्या स्त्रियांना दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी सुमारे १९ तास लागले. जिच्याजवळ कोणी बसले होते तिला सुमारे ९. आणि ती सोबतीण तर अनोळखी, अप्रशिक्षित बाई होती! हा अभ्यास लहान होता. पुढे १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा फरक इतका मोठा दिसला नाही. परंतु सिझेरियनचे प्रमाण कमी आणि कळांचा काळ काहीसा आखूड, हे स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रत्येक बाळंतिणीस तिच्या पसंतीची सोबत द्यावी, अशी शिफारस केली.

भीतीने शरीर आखडते आणि कळा मंदावू शकतात, हे त्यामागचे एक कारण. म्हणून सोबतीण कंबर चोळते, हात धरते, मधूनमधून पाण्याचे घोट देते, चालण्यास आधार देते, सावकाश श्वास घेण्याची आठवण करते. ती तपासणी करीत नाही, औषध देत नाही. पोट तर मुळीच दाबू नये. त्या जुन्या प्रथेने गर्भाशय फाटून माता दगावू शकते. रक्तस्राव वाढला वा झटके आले, तर तत्काळ परिचारिकेस बोलवावे.

वणीजवळच्या राजूरसारख्या कोळसा खाणीच्या व चुनाभट्ट्यांच्या गावी पोटापाण्यासाठी दूरवरून आलेली कुटुंबे असतात. त्यांतील सुनेचे माहेर दूर, सासूही गावाकडे. तिच्यासाठी ही सोबत चैन नव्हे. केंद्र शासनाने २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत जन्मसोबतीस परवानगी दिली आहे. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातलग स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. शेजारीण चालेल काय, हे आशाताईंमार्फत रुग्णालयात आधीच विचारून ठेवावे. कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालण्यात अर्थ नसतो. आडोशाची व्यवस्था असेल तेथे पतीसही आत थांबता येते.