पोर्ट ८० हवाय, पण रूट नको!

मुळशीतल्या चांदे गावी, घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून मी छोटा वेब सर्व्हर लिहिला. ८०८० वर चालला. ८० वर मात्र ‘परमिशन डिनाइड’! कारण १०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्स साध्या युजरला देत नाही.

मग सर्व्हरच सुडोनं चालवायचा? नको रे बाबा! उद्या त्यात भोक सापडलं, तर घुसणाऱ्याच्या हाती अख्खं मशीन.

त्यापेक्षा एकदाच सुडो घेऊन, सेटकॅप कमांडनं त्या प्रोग्रामला ‘कॅप नेट बाइंड सर्व्हिस’ एवढीच परवानगी द्या. पुढे तो साध्या युजरनंच चालवा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अपडेटमध्ये फाइल बदलली, की परवानगी जाते. आणि पायथनला दिलीत, तर त्यावरच्या प्रत्येक स्क्रिप्टला मिळते!

दाराची किल्ली द्या, तिजोरीची नको. भेटू पुढच्या भागात!