चेहऱ्याचा साबण आणि भिरंडेल

माझे वडील जहाजावर खलाशी होते. सफरीला निघताना खोबरेलाचा साबण सोबत नेत. इतर साबण खाऱ्या पाण्यात फुटतात, हा मात्र समुद्राच्या पाण्यातही फेसाळतो. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मालवणच्या घरी साबण करायचं वेड मला लागलं, तेव्हा मी डोळे मिटून तेच तेल घेतलं. दारात माड, घरात घाण्याचं तेल. आणखी काय हवं? दीड महिन्याने पत्नीने त्या साबणाने तोंड धुतलं आणि म्हणाली, ‘‘अहो, चेहऱ्याचा पापड केलात की!’’

चूक कुठे झाली? अंगाला लावलेलं तेल तेलच राहतं. कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली, की त्याचा साबण आणि ग्लिसरीन होतं. मग कामाला येतो तो त्यातल्या स्निग्धाम्लांचा गुण. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा साबण टणक होतो, फेसही भरपूर. पण मळाबरोबर त्वचेची स्वतःची स्निग्धताही तो नेतो. वंगणाने माखलेल्या हातांना तो ठीक, गालांना नव्हे.

उपाय परसातच होता. रातांब्याचं आगळ, आमसुलं झाली, की बिया बहुधा टाकून दिल्या जातात. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर जे तेल तरंगतं आणि थिजतं, ते भिरंडेल. टाचांच्या भेगांना आपण ते लावतोच. त्यात स्टिअरिक आणि ओलिक ही आम्लं मुख्य; म्हणून वडी घट्ट होते, तरी चेहऱ्याला सौम्य राहते. तिळेल मऊपणा आणतं, तर थोडंसं एरंडेल फेस टिकवतं. उंडीचं तेल मी टाळलं. त्याचा वास फार उग्र.

माझं प्रमाण असं : खोबरेल 125 ग्रॅम, भिरंडेल 100, तिळेल 225, एरंडेल 50. त्याला शुद्ध कॉस्टिक 67 ग्रॅम, पाणी 160 ग्रॅम. हे कॉस्टिक हिशेबापेक्षा सुमारे सात टक्के कमी आहे, म्हणजे थोडं तेल साबण न होता वडीत शिल्लक राहतं. तेल बदललं तर कॉस्टिकचा हिशेबही नव्याने करावा. अंदाजपंचे चालत नाही. कॉस्टिक पाण्यात घालावं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच, ॲल्युमिनियमचं भांडं नको आणि मुलं जवळ नकोत. वड्या निदान महिनाभर हवेशीर जागी मुरू द्याव्यात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोणतंही तेल घ्या, साबण हा अल्कधर्मीच. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. काही चेहऱ्यांना कुठलाच साबण मानवत नाही. त्यांनी हट्ट करू नये.

पत्नीला मात्र दुसरी वडी मानवली. आता मे महिन्यात शेजारीपाजारी आमसुलं घालू लागले, की ती स्वतःच निरोप धाडते, ‘‘बिया टाकू नका हां, आमच्याकडे पाठवा.’’