मों पेर्दू : शिळांचा आणि मेंढपाळांचा वारसा

डोंगरांचा इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि राजे आठवतात. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या पिरेनीज पर्वतरांगेत मात्र असा एक डोंगर आहे, ज्याचा इतिहास समुद्राच्या तळापासून सुरू होतो आणि मेंढपाळांच्या करारांपर्यंत येऊन पोहोचतो. फ्रेंच भाषेत त्याला मों पेर्दू म्हणतात, स्पॅनिशमध्ये मोंते पेर्दिदो. दोन्हींचा अर्थ ‘हरवलेला डोंगर’. कारण फ्रान्सच्या बाजूने पाहता पुढच्या कड्यांआड तो दडून जातो. १९९७ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. १९९९ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि आज ३०,६३९ हेक्टर क्षेत्र त्यात येते. नैसर्गिक व सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर मान्यता मिळालेली स्थळे जगात थोडी आहेत. हे त्यांपैकी एक. हा दुहेरी मान कशामुळे मिळाला, ते आपण समजून घेऊ.

सुमारे ३,३५० मीटर उंचीचे हे शिखर चुनखडकाचे आहे. हा खडक प्राचीन समुद्राच्या तळाशी, थरावर थर साचून तयार झाला. पुढे आयबेरियाचा भूपट्ट युरोपच्या भूपट्टावर आदळला आणि कोट्यवधी वर्षे चाललेल्या त्या रेट्याने समुद्रतळाला घड्या पडून तो आकाशात उचलला गेला. त्यानंतर हिमनद्यांनी आणि पाण्याने त्याला कोरले. दक्षिणेला, स्पेनच्या बाजूस, ओर्देसा आणि आनिस्क्लो यांसारख्या खोल घळी आहेत. उत्तरेला, फ्रान्सच्या बाजूस, गाव्हार्नी, एस्तोबे आणि त्रुमूझ ही भव्य हिमगव्हरे आहेत. गाव्हार्नीच्या कड्यावरून कोसळणारा धबधबा ४०० मीटरहून अधिक उंच आहे. एकाच डोंगराच्या दोन बाजू इतक्या भिन्न असाव्यात, हे भूगोलाच्या अभ्यासकाला मोठे दालन आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस रामों द कार्बोनिएर या फ्रेंच अभ्यासकाला या उंचीवर सागरी जीवांचे जीवाश्म सापडले. इतका उंच पर्वत समुद्रात जन्मला, हे त्या काळच्या विद्वानांना सहज पटणारे नव्हते. पुरावा शोधण्यासाठी रामों शिखराचा ध्यास घेऊन बसला आणि १० ऑगस्ट १८०२ रोजी तेथे पोहोचला. परंतु त्याच्या काहीच दिवस आधी त्याचे वाटाडे रोंदो आणि लोराँस शिखरावर जाऊन आले होते आणि त्यांना वाट दाखवणारा होता अरागॉनचा एक मेंढपाळ. विद्वानाचे नाव इतिहासात ठळक झाले, वाटाड्यांची नावे तळटीपेत गेली आणि मेंढपाळाचे नाव तर नोंदलेच गेले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. ज्ञानाच्या वाटेवर पहिले पाऊल कोणाचे होते, हा प्रश्न आपण प्रत्येक पाठ्यपुस्तकाला विचारला पाहिजे.

या मेंढपाळांनी केवळ वाटा माहीत करून घेतल्या नाहीत, त्यांनी कायदाही घडवला. उन्हाळ्यात बर्फ वितळले की कळप उंचावरील कुरणांत जातात. थंडीत खाली उतरतात, अरागॉनचे कळप तर पूर्वी एब्रो नदीच्या मैदानापर्यंत जात. ही कुरणे कोणा एका सरदाराची खासगी मालमत्ता नव्हती. ती खोऱ्यातील गावांची सामाईक होती. कोणत्या गावाने किती दिवस चारावे, पाणी कोणी वापरावे, दुसऱ्याच्या हद्दीत जनावर शिरले तर काय करावे, हे पर्वताच्या दोन्ही उतारांवरील खोरी आपसांत करार करून ठरवीत. १५१३ मध्ये प्लां दारें येथे अनेक खोऱ्यांनी असा मोठा करार केला. दोन्हीकडचे राजे लढत असतानाही सीमेवरील व्यवहार आणि चराई चालू ठेवण्याचा हक्क या लोकांनी जपला. १८५६ ते १८६८ या काळात बायोन येथील करारांनी दोन्ही राष्ट्रांची सीमा नेमकी आखली, तेव्हाही जुन्या चराईहक्कांची दखल घ्यावी लागली. आजही स्पेनच्या ब्रोतो खोऱ्यातील जनावरे उन्हाळ्यात खिंड ओलांडून गाव्हार्नीच्या बाजूस चरायला जातात.

स्पेनने १९१८ मध्ये ओर्देसाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. फ्रान्सने १९६७ मध्ये पिरेनीज राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. पण कायद्याने संरक्षण मिळालेली कुरणे माणसांविना टिकत नाहीत. तरुण पिढी शहरांकडे गेली, कळप कमी झाले आणि जेथे चराई थांबली तेथे गवतावर झुडपे चढू लागली. तापत्या हवेने मोंते पेर्दिदोची हिमनदीही झपाट्याने आटते आहे. म्हणजे शिळा, बर्फ आणि मेंढपाळ या तिघांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले आहे.

आपल्या महाराष्ट्रातही पठारावरचे धनगर पावसाळा सरल्यावर सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतात आणि पाऊस येण्यापूर्वी परततात. वाटेतले शेतकरी खतासाठी त्यांचे कळप शेतात बसवून घेतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, तो निसर्गासाठी. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यात आले. या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या माणसांच्या ज्ञानाची नोंद अजून व्हायची आहे.

आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या आणि आज शिकत असलेल्या प्रत्येकाला आमचे सांगणे एवढेच आहे : आपल्या गावातील वृद्ध मेंढपाळाजवळ, गुराख्याजवळ बसा. वाटांची, पाणवठ्यांची, कुरणांची नावे त्यांच्याकडून विचारून घ्या आणि ती त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा. अरागॉनच्या त्या मेंढपाळाचे नाव आता कोणाला शोधता येणार नाही. आपल्याकडची नावे मात्र अजून विचारता येतात.