एकच क्षण, दोन तारखा

सास्तूर, किल्लारी हीं नांवें उच्चारलीं कीं, धाराशिव व लातूर जिल्ह्यांतील माणसास ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. गणपतीविसर्जन आटोपून लोक निजले होते. ३ वाजून ५५ मिनिटें उलटून गेलीं आणि दगडमातीचीं घरें त्यांच्यावर कोसळलीं. अमेरिकेच्या भूगर्भसर्वेक्षण खात्याची यादी उघडली, तर मात्र हाच भूकंप २९ सप्टेंबर रोजीं झाल्याचें आढळतें. प्रथमदर्शनीं हा प्रमाद वाटतो. वस्तुतः दोन्ही तारखा बरोबर आहेत.

भूकंपशास्त्रज्ञ प्रत्येक धक्का यूटीसी या जागतिक वेळेनें नोंदवितात. भारताची प्रमाण वेळ तिच्या साडेपांच तास पुढें असते. धाराशिवला पहाटेचे ३-५५ झाले, तेव्हां त्या जागतिक घड्याळांत आदल्या रात्रींचे १०-२५ वाजले होते, आणि अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं तर २९ तारखेची दुपारच चालू होती. क्षण एकच, घड्याळें निराळीं.

घोटाळा होतो तो संगणकाच्या नोंदवहींत, म्हणजे डेटाबेसमध्यें, हा क्षण उतरवितांना. समजा, कोणी कारकुनानें जागतिक यादींतील '२९ सप्टेंबर' एवढेंच उचलून मृतांच्या नोंदींत भरलें. ज्याच्या विम्याची मुदत २९ च्या मध्यरात्रीं संपली, तो त्या कागदावर मुदतींत मेलेला ठरेल; ज्याचा विमा ३० तारखेस सुरू झाला, त्याच्या विधवेस कांहींच मिळणार नाहीं. घड्याळ कोणतें, हा एक शब्द गाळल्याचा हा परिणाम!

यावर जाणत्यांचा उपाय असा: घडून गेलेला क्षण नेहमीं यूटीसीनें सांठवावा, सोबत स्थळाचें नांव ठेवावें, आणि वाचणाऱ्यास दाखवितांना त्याच्या घड्याळांत रूपांतर करावें. स्थळाऐवजीं 'अधिक साडेपांच तास' एवढाच आंकडा लिहून भागत नाहीं, कारण घड्याळाचे नियम सरकारें बदलीत असतात. आपल्या देशांत १ जानेवारी १९०६ पासून एक प्रमाण वेळ आली. पण मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटें मागें, आणि मुंबईच्या महापालिकेनें ती कित्येक वर्षें सोडली नाहीं. महायुद्धाच्या काळांत, १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत, घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. १९४३ सालीं सोलापुरांत जन्मलेल्याची पत्रिका मांडतांना ज्योतिषी तो तास वजा करतो; संगणकाला तें सांगावें लागतें. त्यासाठीं स्थळवार नियमांची एक जागतिक सूची ठेवलेली आहे. तींत भारताचें नांव 'एशिया/कोलकाता' असें आहे. मुंबईकरांनीं रागावूं नये.

जन्मतारखेस मात्र हा उपाय लावूं नये. जन्मतारीख हा क्षण नव्हे, तो पंचांगांतला दिवस आहे. कित्येक यंत्रणा तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवून यूटीसींत फिरवितात. मग ३० तारखेचे शून्य वाजतां २९ तारखेचे सायंकाळचे साडेसहा होतात, आणि मुलाचें वय दाखल्यावर एक दिवसानें वाढतें. जेथें वयाची अट दिवसावर बेतलेली असते, तेथें एवढ्यानें अर्ज परत येतो. अशी तारीख नुसती तारीख म्हणूनच ठेवावी.

पुढें घडावयाच्या गोष्टींचेंही वेगळेंच आहे. शिकागोंतील मुलगा दर रविवारीं तेथील सकाळीं ९ वाजतां धाराशिवास आईला फोन करतो. हिंवाळ्यांत तो येथें रात्रीं साडेआठला येतो. मार्चमध्यें तिकडचीं घड्याळें तासभर पुढें सरकलीं कीं साडेसातला. येथें यूटीसी सांठविली, तर उन्हाळ्यांत स्मरणघंटा तासभर उशिरां वाजेल. म्हणून 'शिकागो, रविवार, सकाळचे ९' असेंच लिहून ठेवावें, आणि हिशेब त्या त्या रविवारीं करावा.