जंगलातली वाट कोणासाठी?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना ताडोबाचे वेध लागतात. खालाची मुलं, मामूंची मुलं एकत्र आली की सहा जणांची जिप्सी भरायला वेळ लागत नाही. फज्रची नमाज आटोपून मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या गेटवर रांगेत उभं राहायचं आणि आत शिरताच गाईडला विचारायचं, "भाऊ, आज वाघ दिसेल ना?" या प्रश्नात वावगं काही नाही. पण जंगलातल्या रस्त्यांचं नियोजन या एकाच प्रश्नावर सोपवलं तर काय होतं, ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात साऱ्यांना दिसलं.

गोठणगावच्या बाजूने फिरणाऱ्या जिप्सींनी एफ-२ ही वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना रस्त्यावर दोन्हीकडून अडवून धरलं. चित्रफीत सगळीकडे पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालकांवर आणि गाईडवर निलंबनाची कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. तरी एक गोष्ट राहतेच. एकाच रस्त्यावर समोरासमोरून गाड्या येऊ दिल्या आणि प्रत्येक गाडीत पैसे मोजून आलेल्या माणसांचा तगादा चालू असला, तर शहाण्या चालकाचाही तोल जातो. दोष माणसांचा असतो, तसा आखणीचाही असतो.

जंगलात पर्यटनाची वाट आखण्यासाठी नियम नाहीत असं नाही. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे कोअरमध्ये, पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली होती. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आणि ऑक्टोबरमध्ये बंदी उठली. त्या तत्त्वांप्रमाणे कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटकांसाठी वापरता येतो. प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं, त्याला घेरायचं नाही, एका वेळी किती गाड्या सोडायच्या ते जंगलाच्या क्षमतेवरून ठरवायचं. कागदावर हे सगळं चोख आहे.

खरी कसोटी असते ती जमिनीवर. उन्हाळ्यात ताडोबाचं सागाचं आणि बांबूचं रान वाळून जातं, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं. वाघ तिथे येणार हे उघड आहे, म्हणून रस्ता पाणवठ्याला चिकटून नेण्याचा मोह होतो. पण त्याच पाण्यावर चितळ, सांबर, गवा, अस्वल यांनाही यायचं असतं. पाणवठ्याच्या चारही बाजूंनी गाड्या उभ्या राहिल्या तर तहानलेलं जनावर झाडीतच थांबून राहतं. म्हणून रस्ता एकाच काठाने न्यावा, पलीकडचा काठ जनावरांसाठी मोकळा सोडावा. जाण्या-येण्याची वाट एकच न ठेवता वळसा घेऊन परत येणारी एकेरी वाट असली, की गाड्या समोरासमोर येत नाहीत आणि जनावर मध्ये सापडत नाही. पिल्लं असलेली वाघीण एखाद्या भागात वावरू लागली की ती वाट काही काळ बंद करता आली पाहिजे, आणि त्यासाठी हाताशी दुसरी वाट हवी. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंदच असतो. ओल्या मातीत चाकं रुतली की रस्त्याच्या कडा खचतात, आणि तीन महिने जंगलालाही माणसांपासून उसंत मिळते.

या वाटांना माणसांचा इतिहासही आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा चंद्रपूर जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेशात होता. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे जामणी, नवेगाव यांसारखी गावं बाहेर वसवली गेली आणि जिथे शेतं होती तिथे आता कुरणं आहेत. चितळांचे कळप पाहून आपण खूश होतो तेव्हा हे ध्यानात असावं, की कोणाच्या तरी आजोबांचं धान ह्याच मातीत पिकत होतं. म्हणून या जंगलाच्या उत्पन्नात आसपासच्या गावांचा वाटा असणं हा मेहेरबानीचा मामला नाही, हक्काचा आहे.

हा वाटा मुख्यतः बफरमध्ये मिळतो. कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि भोवतालचा बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. अगरझरी, देवाडा, जुनोना अशा गेटांवर गावातलीच पोरं गाईड आणि चालक आहेत. ताडोबात बायकाही गाईडचं काम करतात. घरातल्या लेकींना हे आवर्जून दाखवावं.

पण बफरमध्ये माणसं राहतात, आणि इथे वाट आखणं कोअरपेक्षा अवघड आहे. मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणी सुरू होते. सकाळच्या सफारीची वेळही तीच. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसं मरतात, आणि त्यांत मोहफुलं, सरपण किंवा तेंदूपत्ता आणायला गेलेले बरेच असतात. गाड्यांनी डिवचलेलं जनावर ज्या बाजूला निघून जाणार, त्या बाजूला कोणी टोपली घेऊन वाकलेलं नाही ना, हे आधी पाहायला नको का? मोहाच्या हंगामात त्या झाडांजवळची वाट पर्यटकांसाठी बंद ठेवावी, असं मला वाटतं. गावाला कोणती वाट नको आहे ते नकाशा होण्याआधी गावाला विचारावं. कोणती बाई कोणत्या झाडाखाली जाते, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ताडोबा मंगळवारी बंद असतं. आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावरून आधीच करावं, ओळखपत्रं मूळ न्यावीत. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, मुलांना घरीच सांगून ठेवा, नाहीतर गेटवर रुसवे-फुगवे होतात. दोन फेऱ्या करणार असाल तर एक बफरमधली घ्या. अगरझरीला फुलपाखरांचं उद्यान आहे, लहानग्यांना तिथे चालता येतं. आणि गाडीत बसल्यावर गाईडला वाघाचं विचारायच्या आधी त्याचं गाव कोणतं ते विचारा. गप्पा तिथून सुरू झाल्या की जंगल बरंच जास्त दिसतं.