मण्याचं कवच : नितळपणा सर्वांत शेवटी

१२ मिलिमीटर व्यासाचा एक काचेचा मणी घ्या. आत ८ मिलिमीटरचा रंगीत गाभा आणि त्याभोवती सगळीकडून २ मिलिमीटर जाडीची रंगहीन काच. असा मणी हातात धरून पाहिला, तर ती रंगहीन काच जवळजवळ दिसतच नाही. रंग थेट कडेला भिडलेला दिसतो. ८ मिलिमीटरचा गाभा डोळ्यांना १२ मिलिमीटरचा वाटतो. ही किमया अपवर्तनाची. साध्या सोडा-लाइम काचेचा अपवर्तनांक साधारण दीड असतो, म्हणून गोल काचेच्या आत बंदिस्त झालेली वस्तू दीडपट रुंद दिसते. तापमापीतली पाऱ्याची बारीक रेषा आपल्याला वाचता येते, तीही याच कारणाने.

ज्योतीवर मणी घडवणारे कारागीर या किमयेसाठीच रंगीत मण्यावर रंगहीन काचेचं कवच चढवतात. या कलेला लॅम्पवर्क म्हणतात. एकेकाळी तेलाच्या दिव्यावर चालणारं हे काम आता गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्योतीवर होतं. मातीचा पातळ लेप दिलेल्या पोलादी सळईवर वितळलेली काच गुंडाळायची, तिच्यावर फुलं, रेघा, ठिपके काढायचे आणि शेवटी रंगहीन काचेत सगळं बंद करायचं. आतली फुलं मोठी दिसतात, त्यांना खोली येते आणि ती कधी झिजत नाहीत.

ही युक्ती जुनी आहे. ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर ख्रिस्तपूर्व काळातच सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये दाबून मणी बनत. आपल्याकडे उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला आजही ज्योतीवर मणी घडवले जातात. चांदीचा वर्ख पोटात असलेले भारतीय मणी मुंबईत भुलेश्वरच्या गल्ल्यांतही मिळतात.

नवशिका कवचासाठी काच निवडताना एकच प्रश्न विचारतो : सर्वांत नितळ काच कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे, पण क्रमाने तो शेवटचा आहे. कवच टिकेल की तडकेल, आतलं चित्र जागेवर राहील की फिसकटेल, रंग तोच राहील की बदलेल, हे सगळं नितळपणाच्या आधी ठरतं.

आकसण्याचा हिशेब

काचेच्या कांड्यांवर ३३, ९०, १०४ असे आकडे असतात. हा प्रसरणांक. १०४ म्हणजे एक मीटर लांबीची कांडी एका अंशाने तापली की १०.४ मायक्रोमीटर वाढते. मुरानोची ‘एफेत्रे’ ही कंपनी (पूर्वीचं नाव ‘मोरेत्ती’) १०४च्या कांड्यांसाठी ओळखली जाते. जर्मनी, अमेरिका आणि चीनमध्येही या आकड्याच्या आसपासची काच बनते. अमेरिकेत पोर्टलंडच्या ‘बुल्सआय’ची काच ९०ची. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांची बोरोसिलिकेट काच ३३ची.

आता १०४च्या गाभ्यावर ९०चं कवच चढवलं असं समजू. साधारण ५०० अंशांखाली काच इतकी घट्ट होते की तिला आतल्या आत सरकून ताण सोडता येत नाही. तिथून खोलीच्या तापमानापर्यंत येताना १०४ची एक सेंटिमीटर काच सुमारे ५० मायक्रोमीटर आकसते, ९०ची सुमारे ४३. फरक ७ मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा. पण काच ताणाखाली लवत नाही. ढोबळ हिशेब केला तर एवढ्या फरकातून सुमारे ४५ मेगापास्कल ताण उभा राहतो, आणि रोजच्या वापरातली काच याच पल्ल्यातल्या ताणाला तुटते. १९२०च्या सुमारास इंग्रज अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी याचं कारण दाखवलं : काचेतल्या सूक्ष्म भेगांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि तिथूनच ती फाटत जाते.

फरक कोणत्या दिशेचा आहे, यालाही महत्त्व आहे. कवच गाभ्यापेक्षा जास्त आकसलं तर ते ताणलं जातं आणि वरूनच तडकतं. उलट ते किंचित कमी आकसलं तर गाभा त्याला आत ओढतो, पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि भेगांना उघडायला वाव मिळत नाही. कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये आणलेल्या ‘कोरेल’च्या ताटल्या याच तत्त्वावर चिवट झाल्या : मधला थर जास्त आकसणारा, दोन्ही बाजूंचे पातळ थर कमी आकसणारे. मण्यातही असा झुकाव चालतो, मात्र अगदी थोडा. फरक वाढला की ताण गाभ्यात आणि दोन काचांच्या सांध्यावर जातो आणि मणी आतून फुटतो.

आकडे जुळले म्हणजे काम झालं, असंही नाही. छापील प्रसरणांक सहसा ३०० अंशांपर्यंतच मोजलेला असतो. खरी भानगड त्याच्या वर, काच घट्ट होते त्या टप्प्यात असते, आणि तिथे समान आकड्याच्या दोन काचा वेगळ्या वागू शकतात. म्हणूनच समान प्रसरणांकाला सुसंगतीची हमी समजू नका, असं खुद्द ‘बुल्सआय’ सांगत आली आहे. सुरुवातीला गाभा आणि कवच एकाच उत्पादकाचं घ्यावं, हा सल्ला यातूनच येतो.

मऊ काच, कडक काच

सगळ्या काचा एकाच तापमानाला सारख्या मऊ होत नाहीत. पाक जसजसा तापतो तसतसा पातळ होतो, तशी काच हळूहळू सैल होत जाते, आणि प्रत्येक काचेचा वेग वेगळा. कवचाची काच गाभ्यापेक्षा कडक असेल, तर तिला वाहती करण्याच्या नादात आतली नक्षी आधी वितळते. फुलाच्या पाकळ्या एका बाजूला ओघळतात. कवच बरंच मऊ असेल तर ते गाभ्यावर सहज पसरतं, पण मणी फिरवताना हात जरा थांबला की खाली लोंबतं. त्यामुळे बारीक रेषांचं काम असेल तर गाभ्यापेक्षा थोडी मऊ काच बरी, आणि जाड, मोठा मणी असेल तर आकार धरून ठेवणारी.

रसायनाचा खेळ

रंगहीन काच निष्क्रिय नसते. चांदीच्या वर्खावर कवच चढवलं की कधी कधी चांदीभोवती पिवळी झाक येते. तापलेल्या काचेत चांदीचे आयन शिरतात, सोडियमच्या आयनांच्या जागा घेतात आणि पुढे त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. चौदाव्या शतकापासून युरोपातल्या चर्चच्या खिडक्या याच क्रियेने सोनेरी रंगवल्या गेल्या. खिडकीत हवीहवीशी असलेली ही झाक पांढऱ्याशुभ्र वर्खाच्या मण्यात मात्र नको असते. ती किती उमटेल, हे काचेच्या घटकांवर आणि कारागीर किती तापवतो यावर ठरतं.

शिशाचं प्रमाण जास्त असलेली काच अधिक चमकते, कारण तिचा अपवर्तनांक जास्त. पण ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की शिशाच्या ऑक्साइडचं धातूत रूपांतर होतं आणि पृष्ठभाग काळवंडतो. आतल्या रंगांचंही भान ठेवावं लागतं. सोन्याने किंवा चांदीने रंगणाऱ्या काचांचा रंग धातूच्या सूक्ष्म कणांच्या आकारावर अवलंबून असतो. कवच चढवताना मणी पुन्हा तापतो, कण वाढतात आणि हवी असलेली छटा निसटते. अशा गाभ्यावर कमी उष्णतेत पसरणारी काच हवी.

मग नितळपणा

काचेतली हिरवट झाक लोहाची. वाळूसोबत लोह येतंच, म्हणून खिडकीची काच समोरून रंगहीन आणि कडेने हिरवी दिसते. पंधराव्या शतकाच्या मध्याला मुरानोच्या आंजेलो बारोव्हिएर यांच्या नावाशी जोडली जाणारी ‘क्रिस्ताल्लो’ काच ही झाक घालवण्यातूनच जन्मली. वनस्पतींची राख शुद्ध करून घ्यायची आणि बेताचं मँगनीज घालायचं. मँगनीज लोहाची निळसर-हिरवी अवस्था फिक्या पिवळ्या अवस्थेत नेतं आणि स्वतःच्या जांभळ्या छटेने उरलेला रंग मारतं.

एफेत्रेच्या यादीत ००४ ही साधी रंगहीन काच आणि ००६ ही अधिक स्वच्छ. दोन्हींतला फरक पाहायचा, तर कांडी आडवी धरून उपयोग नाही. ती पांढऱ्या कागदावर उभी धरावी आणि टोकातून लांबीभर पाहावी. कांडी ३० सेंटिमीटरची असेल तर त्या वाटेवर काचेची जाडीही तेवढीच असते. झाक असेल तर इथे लपत नाही. पण २ मिलिमीटरच्या कवचात तीच झाक कितीशी उमटणार? समोरून येणारा किरण २ मिलिमीटर काचेतून जातो, कडेने गाभ्याला चाटून जाणारा साडेचार मिलिमीटरच्या आसपास. लहान मण्यात हा फरक पांढऱ्या गाभ्याच्या कडेलाच जाणवला तर जाणवतो. अडीच सेंटिमीटरच्या मोठ्या मण्यात, जाड कवचाखाली, शुद्ध काचेला दिलेले जास्तीचे पैसे वसूल होतात.

बुडबुड्यांची गोष्ट वेगळी. काही कांडीतच असतात, काही आपण घालतो : ओरखड्यात अडकलेली हवा, बोटांचं तेल, जास्त तापवल्याने उकळलेली काच. हवेचा बुडबुडा आतून चांदीसारखा चमकतो, कारण सुमारे ४१ अंशांपेक्षा तिरका आलेला प्रकाश काचेतून हवेत जाऊच शकत नाही, पूर्ण परावर्तित होतो. गोल कवच तो बुडबुडाही मोठा करून दाखवतं. म्हणून वापरण्याआधी कांडी स्पिरिटने पुसणं हे महागडी काच घेण्याइतकंच मोलाचं.

घरच्या घरी पारख

ताणलेल्या काचेतून ध्रुवित प्रकाश जाताना बदलतो, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५च्या सुमारास दाखवलं. आज त्यासाठी उपकरण लागत नाही. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवितच असतो. पांढऱ्या पडद्यासमोर पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो. आता मधे साध्या काचेच्या पेल्यात खाद्यतेल घेऊन त्यात मणी बुडवा. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा, त्यामुळे अपवर्तन जवळपास मावळतं आणि कवचाची खरी जाडी दिसू लागते. त्या कवचात काळोखच राहिला तर ताण नगण्य. गाभ्याभोवती उजळ कडं दिसलं तर दोन काचांचं पटलेलं नाही. रिकामा पेला आधी तपासून घ्यावा, कारण ताण पेल्यातही असू शकतो. प्लॅस्टिकचं भांडं चालणार नाही, ते स्वतःच रंग दाखवतं.

कडं दिसलं म्हणजे दोष काचेचाच, असंही लगेच म्हणू नये. घाईत थंड केलेल्या मण्यातही ताण राहतो. १०४ची काच भट्टीत ५१० अंशांच्या आसपास अर्धा-एक तास ठेवून सावकाश उतरवावी आणि पुन्हा पाहावं. तो ताण विरघळून जातो. न जुळणाऱ्या काचांचा ताण मात्र कितीही सावकाश थंड केलं तरी परत येतो.

असा मणी लगेच तडकेलच असं नाही. हवेतली वाफ भेगेच्या टोकाशी काचेचे बंध हळूहळू सोडवत राहते आणि मणी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दुभंगतो, तोवर तो कुणाच्या तरी गळ्यात असतो. म्हणून रंगहीन काच किलोने घेण्याआधी एक-दोन कांड्या आणाव्यात, आपण नेहमी वापरतो त्याच रंगांवर आणि वर्खावर कवच चढवून मणी भट्टीतून काढावेत, गॉगलमधून पाहावेत आणि महिनाभर बाजूला ठेवावेत. त्यात टिकलेल्या काचांमधून सर्वांत नितळ कोणती, हे मग खुशाल डोळ्यांनी ठरवावं.